परदेशातली जागा

कुणी हे वाचलंच तर माफ करा. मी चौथी शिकलेली, अक्षर वाकडं, चुकाही लई.

मुलगा पायलट होऊन घरीच बसला होता. मग परदेशातल्या एका नव्या, स्वस्त तिकिटांच्या विमान कंपनीनं त्याला निवडलं, पण ट्रेनिंगचे पैसे आधी मागितले. मेंढरं विकून आम्ही ते भरले. धाकटी जाऊ चिडवायची, "जाऊबाई, पायलटच्या आईनं एस्टीनं फिरायचं असतं व्हय?"

कंपनीचं पहिलं विमान काही उडेना. मी म्हणायचे, "पैसे परत माग."

"नको आई. पैसे तिथं हायेत, तोवर माझी जागा हाये."

काल तो भरल्या ताटावरून उठला. कंपनीनं सगळे पैसे परत केले होते, एक रुपयाही कमी नव्हता.