मिठीतला नाच

आमच्या खालच्या मजल्यावर अंगोलाहून शिकायला आलेली तेरेझा राहते. रविवारी तिचा डबा परत द्यायला गेले, तर ती तिला भेटायला आलेल्या वडिलांबरोबर नाचत होती. अगदी सावकाश, मिठीत, डोळे मिटून.

"हा किझोम्बा, मावशी," ती म्हणाली. "आमच्याकडे या शब्दाचा अर्थ मेजवानी."

"पण वळायचं कधी, हे तुला कळतं कसं?"

तिने वडिलांना विचारलं. ते पोर्तुगीजमध्ये काही बोलले. "म्हणतात, छातीने सांगायचं, छातीनेच ऐकायचं."

अंगोलाच्या राजधानीत, लुआंडात, घरच्या समारंभांत मुलं हा नाच आपसूक शिकतात. तिथल्या यादवी युद्धाच्या काळात माणसं पोर्तुगालला, लिस्बनला गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला. आता युरोपभर त्याचे क्लास चालतात. पळून जाताना भांडीकुंडीही नेता येत नाहीत. मग त्या परक्या शहरात पहिल्यांदा कोणी, कोणापुढे नाचायला हात केला असेल?

"आई गेल्यापासून बाबा नाचलेच नव्हते," तेरेझा हळूच म्हणाली. "आज मीच ओढलं."

गाणं संपलं. मला वाटलं, आता तिचे वडील बसतील. पण त्यांनी स्वतःच दुसरं गाणं लावलं.