मामंजींनी दिलेली उत्तरं

नरहरी ऐकतो की नाही, असा प्रश्न मला त्या वर्षी पडला होता. पोटातली गाठ वाढत चाललेली, अन् पोखर्णीच्या नृसिंहाला, आमच्या नरहरीला, घातलेलं साकडं जसंच्या तसं. शेवटी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडी जुंपली आणि मला परभणीच्या दवाखान्यात आणलं. निजामाच्या राज्यात आमच्या बाजूला दुसरी सोय कुठली?

डॉक्टर म्हणाले, "गाठ काढू. पण गुंगीचं औषध काळजाला सोसेल का, ते आधी बघावं लागतं." मग विचारू लागले, चढताना दम लागतो का, पाय सुजतात का, आडवं झाल्यावर श्वास कोंडतो का. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर ओढून बसलेली अन् उत्तरं मामंजींची! "दम? छे! दोन-दोन घागरी आणती डोक्यावर. लय खमकी हाय." सुनेला दुबळी म्हटलं तर घराची अब्रू जाते, असं वाटायचं बिचाऱ्यांना. इकडे मला आडवं पडवत नव्हतं, भिंतीला टेकूनच झोपत होते. हे न सांगताच गुंगी दिली तर? मनात म्हटलं, नरहरी, आता तूच बोल बाबा.

बाकावर बुरखा घेतलेली एक म्हातारी बसली होती. ना ओळख ना पाळख. ती एकदम मामंजींना म्हणाली, "बडे मियाँ, तुम जरा बाहर बैठो. उसका दुख उसीच को बोलने देव." मामंजी ओशाळून उठून गेले. मग मी सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "बरं झालं बोललीस बाई. आज गुंगी दिली असती तर उठली नसतीस." आधी काळजाचं औषध, अळणी जेवण, विश्रांती, गाठीचं नंतर, असं ठरलं. वळून बाकाकडे बघते तर म्हातारी निघून गेलेली. ती कोण, हे मी कधी उकरत बसले नाही. माझ्यापुरता नरहरी बोलला होता.

सुगी उलटल्यावर पुन्हा तपासून ऑपरेशन केलं. गुंगी चढताना भीती वाटली नाही. देवावर भार टाकायचा तर काही झाकून ठेवू नये. सांगायचं ते सांगून झालं होतं, उरलेलं त्याचं.

डोळे उघडले तर मामंजी खाटेशी उभे. "कसं वाटायलंय, पोरी?" त्यांनी विचारलं, अन् माझ्या उत्तरासाठी थांबले.