नंबरप्लेटचा स्क्रू

यवतला माझा एक ओळखीचा मेकॅनिक आहे. फ्युएल इंजेक्शनची नवी मोटारसायकल घेतलेले लोक त्याच्याकडे येतात. "मामा, ॲव्हरेज न्हाई. ट्यूनिंग करा."

या गाड्यांत इंजिनाला किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या गाड्यांसारखा पिळायला स्क्रूच नसतो. तरी तो डोळे मिटून इंजिन ऐकतो, नंबरप्लेटचा स्क्रू किंचित पिळतो आणि बजावतो, "आठवडाभर चाळीसच्या वर न्यायची न्हाई. सेटिंग बिघडंल."

मी त्याला पकडलंच. म्हणाला, "आजी, कुणाला सांगू नका. मी न्हाई म्हटलं तर दुसरीकडं वायरी कापून घेत्यात. आन् हळू चालवली की ॲव्हरेज येतंयच की!"

परवा माझीच स्कूटर फार पेट्रोल खाते म्हणून नेली. माझ्याकडे बघत त्यानं नंबरप्लेटचा स्क्रू पिळला.

मुलांनो, तेव्हापासून मी चाळीसच्या वर गेलेले नाही.