याकोब मिस्त्रींच्या तट्ट्या

मंडळी, हे आजच लिहितो, नाहीतर उद्या धीर होणार नाही.

सकाळी तळेगाव ढमढेऱ्यात याकोब मिस्त्रींची शोकसभा झाली, तीही त्यांनीच साठच्या दशकात बांधलेल्या हॉलमध्ये. तेव्हा मी त्या कामावर नवा ओव्हरसियर होतो.

मिस्त्री पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या ठोकत होते. म्हणाले, "सायेब, आमच्या चर्चात अशाच हायत. आवाज घुमत न्हाई, शब्द न् शब्द कळतो."

"हॉल बांधतोय, गोठा नाही," असं म्हणून मी त्या उतरवायला लावल्या. भिंतीही सिमेंटनं गुळगुळीत घोटून घेतल्या. उद्घाटनाचं भाषण कुणालाच कळलं नाही. मिस्त्रीनं काम बिघडवलं, असं गाव म्हणालं आणि मी गप्प बसलो.

आज त्यांची मुलगी वडिलांबद्दल बोलली. आवाज नुसता घुमत राहिला, एक वाक्य धड कळलं नाही. शेजारचे आप्पा माझ्या कानाशी लागले, "मानूस लई चांगला व्हता, पर ह्यो हॉल तेवढा बिघडला बगा त्यांच्या हातनं."

तेव्हा मी निदान गप्प तरी होतो. आज चक्क मान डोलावली.

त्या मुलीला भेटायला कुठल्या तोंडानं जाऊ, तुम्हीच सांगा.