येळवसच्या भज्जीतलं मीठ

आमच्या गल्लीत पदार्थ सांगायची एक पद्धत आहे. प्रमाण सोडून सगळं सांगायचं. कांदा कसा चिरायचा, ती आमटी पहिल्यांदा केली तेव्हा पाहुणे कोण आले होते, लाइट नेमकी कधी गेली, हे सगळं तपशीलवार. मग आपण विचारावं की मीठ किती, तर उत्तर एकच, 'चवीपुरतं'.

लोहाऱ्यात नांदायला आले तेव्हा ह्या एका शब्दानं माझा जीव खाल्ला. माझं माहेर येडशीकडचं, मेंढरांमागं फिरणारं घर. आमच्याकडं स्वयंपाक म्हणजे भाकरी, ठेचा, दूध आणि कधीमधी मटण. त्यात चवीपुरतं काही नसायचं, जे व्हायचं ते तिखटजाळच व्हायचं. सासर तालुक्याच्या गावचं, नवरा नोकरदार, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मला वरणफळं, शेंगोळे, हुलग्याचं माडगं शिकवलं ते भिंतीपलीकडच्या काकूंनी. काकूंचं घर शेतकऱ्याचं, शेत गावाबाहेर. दोन्ही घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे आणि काकू ठेंगण्या. त्या पलीकडं पालथ्या घमेल्यावर उभ्या राहायच्या आणि मीठ किती विचारलं की तळहात उघडून दाखवायच्या. "हितवर." मी तेवढंच माझ्या तळहातावर घ्यायची. आता माझा पंजा मेंढरं आवरणाऱ्या घरातला, काकूंच्या दीडपट. वर्षभर नवऱ्यानं खारट जेवण मुकाट्यानं खाल्लं. त्याला वाटलं, येडशीकडं असंच खात असतील.

पुढं मोबाइल आले, गल्लीतल्या बायकांचा ग्रुप झाला. काकूंना लिहायचा कंटाळा, म्हणून त्या बोलून पाठवतात. त्यांचं लसणाच्या चटणीचं रेकॉर्डिंग लसणापासून सुरू होतं, मध्ये म्हैस ओरडते, मग सुनेला दोन शब्द ऐकवले जातात आणि शेवट बोअरच्या मोटारीवर होतो. खोबरं भाजून घ्यायचं की कच्चं, हे मोटारीच्या आवाजात जातं. आम्ही सगळ्या ते शेवटपर्यंत ऐकतो, कारण सुनेला काय ऐकवलं ते कळावं लागतं.

काकूंचा खरा मान मात्र दुसरा होता. गल्लीत कुणाकडं बारसं असो की डोहाळजेवण, पहिली वाटी काकूंकडं जायची. "मीठ बघा हो काकू." त्या थेंबभर तळहातावर घ्यायच्या, चाटायच्या, वर पत्र्याकडं बघायच्या आणि एक शब्द बोलायच्या. 'हाय', म्हणजे बरोबर, किंवा 'घाल'. त्यावर कुणी वाद घातल्याचं मला तरी आठवत नाही. वाद घालणारी असेल तर ती मीच, आणि मी घालत नव्हते, म्हणजे बघा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी काकूंना ताप आला, आठवडाभर अंथरुणात होत्या. त्यातून उठल्यावर त्यांच्याकडून शेंगाची चटणी आली ती अगदी आळणी, मिठाचा कण नाही. चारदोन दिवसांनी आमटी आली ती इतकी खारट की मांजरानंसुद्धा वास घेऊन तोंड फिरवलं. माझं डोकं लवकर तापतं. मला वाटलं, काकू कशावरून तरी रुसल्यात आणि आमटीतून सांगतायत. मी तडक भिंतीशी गेले.

"काकू, चटणी आळणी, आमटी खारट. माझ्याशी काही भांडण हाय का? असलं तर तोंडानं सांगा."

काकूंनी मागं बघितलं, सून आत होती. मग घमेल्यावर चढल्या.

"हळू बोल माय. माजी चव गेलीय."

"म्हणजे?"

"ताप आल्ता नव्हं, तवापसनं. गूळ खाल्ला काय न माती खाल्ली काय, सारकंच लागूलालंय. फोडणीचा वास बी येईना. डॉक्टर म्हन्तो, येईल. न्हायतर न्हाय बी येनार."

मी टाचा उंचावून सून कुठवर आलीय ते बघितलं.

"कुनाला सांगू नगं," काकू म्हणाल्या. "सैपाक सुनंनं घेतला, शेत पोरानं घेतलं. चांगलंच झालं, म्या काय तक्रार करना. पर गल्लीचं मीठ बगायचं तेवढं माज्याकडं ऱ्हायलंय. ते बी गेलं की म्या नुसती बसून खानार. आन् खाऊन बी कळनार न्हाय."

माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी गल्लीत ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण हे राहिलं. नुसतं राहिलं नाही, मी काकूंची जीभ झाले. वाटी घेऊन कुणी त्यांच्या दारात गेली की मी भिंतीवरून उगवायची. "काय आणलंय, बघू बघू," म्हणत आधी बोट घालायची. खूण आम्ही ठरवून ठेवलेली. मीठ कमी असलं की मी ओढणी डोक्यावर घ्यायची, बरोबर असलं तर खांद्यावरच ठेवायची. मग काकू तळहात चाटायच्या, पत्र्याकडं बघायच्या, मध्येच एक नजर माझ्याकडं, आणि म्हणायच्या, 'घाल'. दिवाळीचा अख्खा चिवडा आम्ही असा पार पाडला. गल्ली मला हावरट म्हणायला लागली. ते मी सोसलं. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही यायला लागली होती.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या ह्या अमावस्येला आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ज्याला शेत आहे तो कडब्याची खोप करून पूजा मांडतो आणि ज्याला नाही त्याला बोलावून जेवू घालतो. जेवणात बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, आंबील, गव्हाची खीर आणि सगळ्यांत महत्त्वाची भज्जी. तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरं, शेतात हिरवं म्हणून जे जे असेल ते शिजवून चिंच, ताक आणि डाळीच्या पिठात घट्ट केलेली भाजी ती भज्जी. हे नीट सांगते, कारण आमच्या दुसऱ्या बाजूच्या घरात कोकणातून बदली होऊन आलेलं जोडपं आहे आणि त्यातल्या पोरीनं आदल्या येळवसला 'भज्जी असते' एवढंच ऐकून टोपलंभर कांदाभजी तळून शेतात आणली होती. आम्ही ती पूजा व्हायच्या आधीच संपवली आणि तिला काही बोललो नाही. बोलली ती तीच, दुपारी, भज्जीचं पातेलं उघडल्यावर. "मला कुणी सांगितलं का नाही?"

ह्या वर्षी तिनं चंगच बांधला. सकाळीच काकूंच्या अंगणात हजर, हातात मोजायचे चमचे. काकूंनी तीन दगडांच्या चुलीवर गल्लीभराचं पातेलं चढवलेलं. आम्ही चौघीपाचजणी भोवती बसून उरलंसुरलं निवडत होतो. आज मीठ काकू घालणार हे सांगायची गरज नव्हती. मी नेमकी समोर बसले, नऊवारी नाही पण काठापदराची साडी नेसून, कारण सण होता. ओढणीऐवजी पदर, एवढाच फरक.

"काकी, मीठ किती चमचे?" कोकणातल्या पोरीनं विचारलं.

"चवीपुरतं," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं.

मी पळीभर चाखून पाहिलं. थोडं कमी होतं. पदर डोक्यावर घेतला. काकूंनी मूठभर मीठ घातलं. मी पुन्हा चाखलं, अगदी बरोबर. मी पदर खाली घेतला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

एवढ्यात काकूंच्या पाठीमागच्या दारातून काका आले. शेतात न्यायचं सामान टेम्पोत बांधायला त्यांना दोरी हवी होती. आता काकांसमोर मी उघड्या डोक्यानं बसते की काय? लग्न झाल्यापासूनची सवय, हात आपोआप गेला आणि पदर डोक्यावर आला. काकूंना त्या अंगणात कुणापुढं पदर घ्यायचं कारण नव्हतं, त्यांचं वय तेवढं झालं होतं. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. त्यांनी बघितलं ते मला. आणि मूठभर मीठ घातलं.

मी मान हलवली. त्यांना वाटलं, पदर सावरतेय. काका गेले, मी पदर पाडला. तेवढ्यात माझे चुलत सासरे, "निघायचं का न्हाय आज?" असं विचारत डोकावले. पदर वर. मूठ आत. मी डोळे मोठे केले, चुलीचा धूर होता म्हणून कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सासरे हलले आणि काका परत आले, कारण आधी नेलेली दोरी आखूड निघाली होती. त्या क्षणी मला माझ्या संस्कारांचा इतका राग आला की सांगता येत नाही. पण हात काही थांबला नाही.

काका गेल्यावर कोकणातल्या पोरीनं चमचा पुढं केला. "काकी, चमच्यानं कळत नाही तर मी आता जिभेनं शिकते." तिनं घास तोंडात टाकला. गिळायला तिला वेळ लागला.

"काकी... मीठ जरा..."

बाकीच्यांनी बोटं घातली. काकूंच्या हातचं मीठ चुकलेलं त्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

"माझ्याच हातनं झालं," मी पटकन म्हटलं. "काकूंनी घातलेलं मला कळलं नाही, मी वरून टाकलं."

काकूंनी पळी पातेल्याच्या काठावर ठेवली.

"ती खोटं बोलूलाली," त्या म्हणाल्या. "तिचा हात न्हाय लागला. माजी जीभ गेलीया. तापात गेली, अजून आली न्हाय. इतके दिस हिच्या जिभंवर चाललं हुतं."

मला वाटलं, आता कुणीतरी हळहळेल आणि मग मी तिला काहीतरी बोलेन. पण हळहळायला कुणाला सवड नव्हती. पातेलं खारट होतं आणि टेम्पो दारात होता. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली बटाटा टाका, एक म्हणाली कणकेचा गोळा सोडा, एकीला ताक ओतायचं होतं, एक मोबाइलमध्ये बघते म्हणाली. मी तिला म्हटलं, मोबाइलमध्ये येळवस साजरी करत नाहीत.

"बटाट्यानं काय हुतंय, मुठीनं घातलंय मीठ," काकू उठत म्हणाल्या. "दुसरं पातेलं चडवा, बिनमिठाचं. घरला जावा, ज्याच्याकडं जे हिरवं असंल ते आना. मंग दोनी एक करू."

घराघरातून मेथी आली, सोललेला वाटाणा आला, कुणाचं डाळीचं पीठ, कुणाचं ताक. तासाभरात दोन पातेली एकमेकांत रिकामी-भरी झाली आणि प्रश्न पुन्हा तिथंच आला. मीठ बघायचं कुणी?

आम्ही सगळ्यांनीच बघितलं. एक म्हणाली कमी, दुसरी म्हणाली उलट जरा वरच, तिसरी आधी पहिलीकडून आणि मग दुसरीकडून बोलली. इतकी वर्षं आम्हांला स्वतःचं मत असायची वेळच आली नव्हती आणि आता आलं तर प्रत्येकीला वेगळं. चांगलाच गलका झाला. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता हे कबूल.

"गप बसा," काकू म्हणाल्या. "कुनी बोलू नगा. नुसतं खावा."

आम्ही वाटीत घेऊन खायला लागलो. काकू एकेकीच्या तोंडाकडं बघत होत्या, डोळे बारीक करून, पूर्वी पत्र्याकडं बघायच्या तशा. मी भुवई उडवली तर म्हणाल्या, "तू न्हाय, तुला मिरची घावली." शेवटी त्यांची नजर कोकणातल्या पोरीवर थांबली. तिची वाटी संपली होती आणि ती पुन्हा पातेल्याकडं हात नेत होती.

"हाय," काकू म्हणाल्या. "उचला पातेलं."

शेतात पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. पूजा झाली, बाप्यांनी शेताला फेरी मारून आंबील शिंपडली, पंगती उठल्या. भज्जी पुरली आणि उरली, दुप्पट झाली होती ना. काकू सगळ्यांना वाढून झाल्यावर खोपीच्या सावलीत आल्या आणि माझ्याशेजारी ताट घेऊन बसल्या. उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि तसाच हातात धरला.

"कशी झालीय?"

"छान झालीय, काकू."

"छान पावन्याला म्हन्तेत. मला सांग, काय काय लागतंय."

ज्या बाईनं मला चव शिकवली तिला आता मी चव सांगायची होती. मी घास तोंडात टाकला. काकूंनीही टाकला आणि डोळे मिटले.

"आधी चिंच लागते," मी म्हटलं. "पण दात आंबत नाहीत इतकीच. मग लसूण येतो, करपलेला नाही, तांबूस झालेला. मग तुरीचा दाणा फुटतो, तो गोडूस हाय. मेथी मागून येते, जरा कडू..."

"हळू सांग," काकू म्हणाल्या. "माजा घास व्हायचाय अजून."