कोल्ह्याचे दोन पिंजरे

आमच्या कंपनीचं मुख्य काम झुरळं आणि उंदरांचं. कोल्हा क्वचितच. दोह्याच्या उत्तरेला एका कतारी मालकाचं कोंबड्यांचं फार्म आहे. तिथे कोल्हा जाळीखालून उकरून आत शिरायला लागला आणि आम्हाला बोलावणं आलं. नेमके तेव्हाच माझ्या हाताखाली माणदेशातले दोन नवे गडी दिले होते, सख्खे चुलत भाऊ. थोरल्याचं लग्न झालेलं, धाकट्याला नुकती मिसरूड फुटलेली. कायमची जागा मात्र एकच होती. मॅनेजर दोघांसमोरच म्हणाला, "जिसके पिंजरे में आएगा, वो रहेगा. दूसरा घर जाएगा. खलास." माणूस निवडायची ही पद्धत मला मूर्खपणाची वाटली, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

मी काम समजावून सांगत होतो तेव्हा धाकट्याने मध्येच विचारलं, "कातडं इकत्यात का ओ काका?"

"इथल्या उन्हात कोल्ह्याच्या कातड्याचा कोट घालायला कोण बसलंय? जिवंत पकडायचा आणि सरकारी माणसांच्या ताब्यात द्यायचा."

त्याचा जरा हिरमोड झाला.

इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमधून नवे करकरीत पिंजरे आले, तो दिवस नेमका पाडव्याचा. मी दुसऱ्या साईटवर होतो. संध्याकाळी फार्मवर पोचलो तर दोन्ही पिंजऱ्यांना हळदकुंकवाची बोटं, समोर नारळ फोडलेला आणि दाराच्या जाळीत उदबत्त्या खोचलेल्या. थोरल्याने भावाच्या पिंजऱ्याचीही पूजा केली होती. पाडव्याच्या मुहूर्तावर नवी वस्तू वापरायला काढायची ती तशीच कशी काढायची, असं त्याचं म्हणणं. मला हसू आलं आणि वैतागही. पिंजरे मोगऱ्याच्या वासाने घमघमत होते. त्यात कोल्हा कशाला पाय ठेवतोय? पुढचे काही दिवस तो आसपास फिरून गेल्याचे ठसे दिसले, पण आतल्या चिकनकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मी दोघांना बसवून नीट शिकवलं. पिंजरा वाळूने घासायचा, खुराड्यातल्या भुशात लोळवायचा, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. ओळखीचा नसलेला वास आला की कोल्हा फिरकत नाही. दोघांनी मन लावून पिंजरे घासले आणि फार्मच्या दोन टोकांना लावले. थोरल्याच्या हातात सफाई जास्त होती, आणि खरं सांगायचं तर तोच राहावा असं मला मनातून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याच्या पिंजऱ्यात कोल्हा बसलेला. वाळूच्या रंगाचा, मोठ्या कानांचा, आपल्याकडच्या खोकडाएवढा. धाकटा त्याचे फोटो काढण्यात दंग झाला. मी दुसऱ्या टोकाचा पिंजरा उचलायला गेलो. घासून लख्ख केलेल्या त्या पिंजऱ्याच्या दाराशी उदबत्तीची ताजी राख पडली होती.

मला थोरल्याचा भयंकर राग आला. त्याला पाण्याच्या टाकीमागे नेऊन विचारलं, "हा काय प्रकार आहे? शिकवलेलं डोक्यात शिरलं नाही का?"

"शिरलं की, काका. म्हणून तर लावली."

"आणि घरी बायकोला काय सांगशील?"

"तिला सांगता यील कायबाय. पण ह्यो माघारी गेला तर चुलतीला काय तोंड दाखवू? माझ्या भरवशावर धाडलाय तिनं त्याला." मग हलक्या आवाजात म्हणाला, "त्याला मातूर सांगू नका."

मी शब्द दिला. ऑफिसातून विचारणा झाली तेव्हा धाकट्याचं नाव कळवलं. पुढचे दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मॅनेजर मात्र आपल्या पद्धतीवर खूश होता.

थोरल्याला विमानतळावर सोडून परत येताना धाकटा गाडीत माझ्या शेजारी बसला होता. बराच वेळ रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "दादाला हे काम जमण्यासारखं नव्हतंच, काका. व्हय का नाय?"

"नव्हतं," मी म्हणालो.