नाकानं जुळवलेली वाइन

भाभींच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी एकेक करून येत नाहीत. भाकरी थापताना एक आठवते, तिच्या मागून दुसरी येते आणि तव्यावरची भाकरी करपते.

मी त्यांच्याकडे नाश्ता बनवायच्या कामाला आहे. भाभींचे शेठ कापडाचे व्यापारी. परदेशी पाहुणे यायचे, इथं दारूबंदी, पण त्यांच्याकडे वाइनचं परमिट असायचं. घरात मात्र अंडंसुद्धा नाही. शेठ म्हणाले, "वाइनबरोबर आपल्या भाज्याच खपल्या पाहिजेत. नाही जमलं तर महाराज ठेवू."

महाराज म्हणजे आचारी, तो चुलीजवळ लेकरू बसू देत नाही. माझी पिंकी दोन वर्षांची. मागे शहरात आलेली प्लेगची साथ पाहिल्यापासून तिला वस्तीत कोणाकडे सोडायला माझा जीव धजत नाही. भाभी तिला आणू देतात, म्हणून तर मी काम करते.

*

आता जोडी लावायची कशी? वाइन ना भाभी तोंडाला लावणार, ना मी. मग पाहुण्यांच्या उरलेल्या वाइनला आम्ही नाक लावलं. भाभींनी डोळे मिटले. "सुमनबेन, जांभळं. बारडोलीला मामाच्या वाडीत खाली पडलेली." मला ओल्या लाकडाचा वास आला, मग मनुकांचा. किती वेळ आम्ही तशाच उभ्या होतो, कोण जाणे.

मी कारल्याचे काप जवळ नेले. भाभींनी पेला मागे घेतला.

"नको, कडूवर कडू. एका घरात दोन सासवा होतील."

*

घरी नवऱ्याला माझ्या हाताचा वास आला. "तू दारू पेवाले लागनी का?"

"फक्त हुंगते."

तो कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर बारा तास उभा राहून आलेला. खाटेवर पडला, माझा हात नाकाशी धरला आणि हळूच म्हणाला, "मंग उद्या बी हुंगजो."

*

पात्र्यातल्या, म्हणजे अळूवडीतल्या, चिंचेपुढे पांढऱ्या वाइनचा वासच हरवायचा. म्हणून मी चिंच काढून टाकली. भाभींच्या सासूबाईंनी, बांनी, एक वडी खाल्ली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"घरात कोण आजारी आहे?"

*

पाहुणे आले त्या दुपारी पांढरीबरोबर कंदपुरी, म्हणजे कोनफळाची भजी, दिली. लालबरोबर आमच्या खानदेशाकडचं हिरव्या वांग्याचं भरीत, चुलीवर भाजलेलं, छोट्या पुरीवर. मी दाराआड कान लावला. बाहेर नुसत्या बशा वाजत होत्या.

मग एक उंच पाहुणा रिकामी बशी घेऊन थेट आतच आला, बूट घालून. बांनी नुसतं बोट दाखवलं. तो तिथंच वाकला, नाड्या सोडल्या, मोज्यांवर आला. तेवढ्यात त्याला खिडकीखाली झोपलेली पिंकी दिसली. तो थबकला. बशी माझ्यापुढे धरून त्यानं ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. मी भरीत वाढलं. तो चवड्यांवर परत गेला.

शेठ दारात उभे राहून सगळं बघत होते. मी पदर खोचला, मान खाली घातली.

"सुमनबेन," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या खिडकीला पडदा लाव. पोरीच्या डोळ्यांवर ऊन येतंय."